मदत हवी आहे : ऐकू कमी येणाऱ्या वडिलांचा अबोला

नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ७६ वर्षांचे असून बेळगावच्या वडगाव भागात एकटेच राहतात. लग्नानंतर मी निपाणीला असते आणि भाऊ पुण्यात नोकरी करतो. आप्पांनी चाळीस वर्षे घरातल्याच यंत्रमागावर साड्या विणल्या. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले, हे आम्हांला फार उशिरा कळले. कारण माग चालू असताना आई आणि आप्पा ओठांच्या हालचालींवरून आणि बोटांच्या खुणांवरूनच बोलत असत. कांडी (मागाच्या धोट्यातले सुताचे रीळ) संपली, चहा ठेवला, दारात कोणी आले आहे, या प्रत्येकासाठी त्यांची वेगळी खूण होती. दीड वर्षापूर्वी आई गेली आणि सहा महिन्यांत माग विकला. आप्पांना आता विश्रांती मिळेल, असे तेव्हा वाटले होते.

गेल्या चार-पाच महिन्यांत त्यांनी एकादशीच्या भजनाला जाणे बंद केले आहे, कारण ऐकूच येत नसेल तर टाळ कशाला धरायचे, असे ते म्हणतात. पहाटे तीनलाच जाग येते आणि मग मागाच्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसतात. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडलेली नसते. शेजारच्या मामी देतात तो डबा अर्धा परत जातो आणि अंगातला सदरा ढगळ दिसू लागला आहे. दोनदा गॅस चालू राहिला. फोन केला तर ‘बरं आहे, ठेव’ एवढेच उत्तर मिळते. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे आम्हां बायकांना बसभाडे लागत नाही, म्हणून मी दर रविवारी जाते (बहुधा उभ्यानेच, पण तो विषय वेगळा).

थायरॉइड, बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या ठीक आल्या आणि नेहमीच्या डॉक्टरांनी ‘वय झाले की असे व्हायचेच’ म्हणून विषय संपवला, ते मला पटले नाही. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. ते सज्जन होते, परंतु प्रश्न कन्नडमधून विचारत होते. आप्पांचे कन्नड सूत आणि रंग खरेदी करण्यापुरते पक्के आहे, मनातले सांगण्यापुरते नाही. त्यात निम्मे ऐकू आलेच नसावे. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी ‘इल्ला’ (नाही) म्हणून मान हलवली. मग मीच त्यांच्या वतीने बोलत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, “तू सांगितलंस सगळं, आता मी कशाला येऊ?”

हे नैराश्य आहे, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे की केवळ ऐकू न आल्याने आलेला एकटेपणा, हे कसे ओळखावे? भावाने घेतलेले श्रवणयंत्र शिट्टी वाजते म्हणून बिस्किटांच्या डब्यात पडून आहे. आणि त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे जायला राजी कसे करावे?

प्रतिसाद :
ताई, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात आणि एकमेकींना वाढवतात. म्हणून आधी कान पाहा. कानात मळ साठला आहे का ते तपासून घ्या, श्रवणचाचणी करा आणि यंत्र त्या चाचणीप्रमाणे जुळवून घ्या. शिट्टी बहुधा कानातला साचा नीट न बसल्याने वाजते. सुरुवातीला शांत खोलीत रोज तासभरच घालू द्या. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची प्रश्नावली असते. ती कागदावर स्वतः भरता येते, त्यामुळे कान आणि कन्नड हे दोन्ही अडसर टळतात. डॉक्टरांना ती मराठीत, मोठ्या अक्षरांत द्यायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि भाषा निवडता येते. आप्पांना फोनचा उपयोग नसला तरी आपण स्वतः बोलू शकता. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही आहे. भूक, झोप आणि वजन तिन्ही घटले आहेत, तेव्हा जगणे नकोसे वाटते का, हे आप्पांना स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आज वहीत मोठ्या अक्षरांत तो प्रश्न लिहून आप्पांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि बोटांनी एक खूण केली, जी मला ओळखता आली नाही. लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी खाली लिहिले, ‘कांडी संपली.’ मी लगेच १४४१६ वर बोलले. घरातली औषधे मामींकडे नेऊन ठेवली आहेत, संध्याकाळची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे आणि भाऊ पुण्याहून निघाला आहे. मी निपाणीला परत जात नाही. या वेळी वही सोबत नेणार आहे आणि डॉक्टरांचे प्रश्न मराठीत लिहून आप्पांच्याच हाती देणार आहे.