ज्या गाण्याचा मधला भाग स्टेजवर गाताच येत नाही, ते थोर कसं?

षड्जवेडा
मुलगी म्हणाली, "बाबा, आधी नीट ऐका, मग बोला." म्हणून क्वीन या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' तीन दिवस ऐकतोय. गाणं १९७५ चं, लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. आधी वाद्यांशिवाय नुसते आवाज. मग पियानोवर एक मुलगा आईला सांगतो की माझ्या हातून खून झालाय. मग गिटार, मग एकदम ऑपेरासारखा कल्लोळ, त्यातून दणदणीत रॉक आणि शेवटी सगळं शांत होत जाऊन गाँगच्या ठोक्यावर संपतं.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या गळ्याबद्दल वाद नाही. पियानोचा भाग ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. पण ऑपेराचा भाग बँडमधल्या चौघांना स्टेजवर गाता येत नव्हता. दौऱ्यांमध्ये तेवढा वेळ टेप वाजायची, चौघं आत निघून जायचे आणि रॉकचा भाग आला की परत यायचे. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, फ्रेडीने पहिला भाग गायला आणि तिथूनच पुढच्या गाण्यावर गेला.

मी बैठकीत वाढलोय. तानपुरे जुळतात, गवई समोर बसतो आणि जे काय आहे ते तुमच्या डोळ्यांदेखत घडतं. जे गायकाला समोर बसून गाता येत नाही, ते त्याचं गाणं कसं? मला ही मशीनची करामत वाटते. दुसरी बाजू खरंच ऐकायची आहे.

रीळवाला
मनापासून विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षं स्टुडिओत टेपवर काम केलंय.

१९७५ मध्ये मशीन म्हणजे काय होतं? दोन इंच रुंद टेप, तिच्यावर शेजारी शेजारी २४ ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या पट्ट्या. कॉम्प्युटर नाही, सूर दुरुस्त करून देणारं काही नाही. ऑपेराचा भाग तिघांनी गायलाय: गिटारवाला ब्रायन मे खाली, फ्रेडी मध्ये आणि ड्रमर रॉजर टेलर पार वर. तिघांनी एक ओळ गायची. तीच परत गायची, परत गायची, की तिघांचे नऊ होतात. मग वरची सुरावट, मग खालची. ट्रॅक भरले की सगळे आवाज मिळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचे भरायचे. आम्ही याला 'बाउन्स' म्हणायचो. एकदा बाउन्स केलं की माघार नाही. नवातला एक आवाज कणसूर निघाला तर नऊच्या नऊ परत गा. शिवाय दर वेळी टेपची सूं-सूं वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणजे गळा आणखी नेमका लागायला हवा.

निर्माते होते रॉय थॉमस बेकर. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली, नंतर लंडनचे स्टुडिओ. ऑपेराचा तुकडा आधी छोटासाच ठरला होता. त्यात 'गॅलिलिओ' हे नाव परत परत येतं; फ्रेडी दर वेळी आणखी काही 'गॅलिलिओ' घेऊन यायचा आणि रिळाला आणखी टेप जोडावी लागायची. तेवढ्या भागाला जवळपास तीन आठवडे लागले.

टेप मशीनच्या हेडवरून, म्हणजे आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून, घासत जाते आणि तिच्यावरचा तपकिरी लेप दर फेरीला थोडा झिजतो. ब्रायन मे यांनी सांगितलंय की या गाण्याची टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं. माझ्या हातात अशी टेप एकदाच आली, एका भक्तिगीतांच्या संचाची. ट्यूबलाइटसमोर धरली तर पलीकडचं भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. कोणी काही बोललं नाही. त्याच रात्री नव्या रिळावर उतरवून घेतली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गवयाचा रियाज बैठकीत दिसत नाही, पण ऐकू येतो. इथेही तेच आहे. ही करामत नाही, मेहनत आहे.

पसरणी घाट
मी वाईचा, म्हणून राहवत नाही. फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा. १९४६ ला झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात राहून शिकला. पियानोचे धडे, शाळेचा कॉयर, म्हणजे समूहगानाचा गट, आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड, सगळं तिथलंच. एकाच ओळीत तीन-चार थरांचे आवाज रचायचे हे कॉयरमध्ये उभं राहिलेल्या मुलालाच सुचतं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या कल्लोळात 'बिस्मिल्ला' येतं ते झांजिबारहूनच आलं असावं.

स्पष्टवक्ती
पाचगणीचा अभिमान मलाही आहे, पण श्रेय घाटाला देणं पटत नाही. कुटुंब १९६४ मध्ये इंग्लंडला गेलं, तो ईलिंगच्या कॉलेजात ग्राफिक आर्ट शिकला आणि गाणं लंडनमध्ये घडलेल्या माणसाने रचलं. आपल्या लहानपणाबद्दल तो जाहीरपणे फारसं बोलायचाही नाही. त्याने जे झाकून ठेवलं ते आपण आपल्या नावावर का करायचं?

बाकी मी षड्जवेडांच्या बाजूने. इतकं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, अशी भीती रेकॉर्ड कंपनीलाच होती. मग केनी एव्हरेट या निवेदकाने कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवलं. दौऱ्यावर असल्याने टीव्हीवर जाता येत नव्हतं म्हणून चित्रफीत केली, तीही चारेक तासांत उरकली. तिला जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणतात, तेही चूक. बीटल्सनी १९६६ मध्येच अशा फिती केल्या होत्या. १९९१ मध्ये फ्रेडी गेला आणि गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत परत पहिल्या क्रमांकावर. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर अडकलेलं गाणं १९९२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, ते 'वेन्स वर्ल्ड' सिनेमातल्या गाडीतल्या प्रसंगामुळे. एक मृत्यू आणि एक सिनेमा बाजूला काढा, मग बघू किती उरतं.

पसरणी घाट
उरतात ब्रिटनमधले नऊ आठवडे. १९७५ च्या नोव्हेंबरपासून सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक, तेव्हा मृत्यूही नव्हता आणि सिनेमाही नव्हता. निवेदकाने १४ वेळा वाजवलं हे खरं, पण पैसे मोजून रेकॉर्ड घरी लोकांनीच आणली ना?

मुक्तछंद
अर्थाबद्दल कोणी बोललंच नाही. गीतकार टिम राइस म्हणतात की ही फ्रेडीच्या समलैंगिकतेची कबुली आहे, जुन्या स्वतःला मारून टाकणं. फ्रेडीने शेवटपर्यंत अर्थ सांगितला नाही. २०२३ मध्ये त्याच्या हस्तलिखित मसुद्याचा लिलाव झाला, तेव्हा दिसलं की आधी 'मंगोलियन रॅप्सडी' लिहून 'मंगोलियन' खोडलंय. ते पाहून मला वाटलं की हा माणूस आधी शब्दाचा नाद ऐकत होता, अर्थ मागून येत होता. मला तरी आईला हाक मारणारा तो मुलगा पुरतो.

षड्जवेडा
रीळवाला, नऊच्या नऊ परत गाण्याचा मुद्दा पटला. त्यांना गाता येत नव्हतं हे माझं म्हणणं चूक. गायले तेच, फक्त एका वेळी नाही. 'मशीन' हा शब्द मागे घेतो.

पण रिकाम्या स्टेजवर टेप वाजते, ते अजूनही टोचतं. हजारो माणसं समोर आणि गाणारा आत! आमच्याकडे याला मैफल म्हणत नाहीत.

रीळवाला
तिथे आपलं जमणार नाही. मला उलट तोच प्रामाणिकपणा वाटतो. टेपवर ओठ हलवत उभे राहिले असते तर मीही तुमच्या बाजूने बोललो असतो.

एक करा, फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा. सुरुवातीलाच 'लिटल हाय' हे शब्द एका कानात येतात आणि 'लिटल लो' दुसऱ्या. आणि ऑपेरा संपताना, रॉक सुरू व्हायच्या आधी, एक सूर वर चढत थेट छताला लागतो. तो टेलरचा गळा आहे.

षड्जवेडा
मुलीचे हेडफोन घेऊन आत्ताच ऐकलं. तो सूर मी तीन दिवस गिटारचा समजत होतो.