शब्दचर्चा: डिप्रेशनला 'नैराश्य' म्हणायचं की अजून काही?

सासूबाईंना झोप नाही, जेवण नाही, सारखं अंग दुखतं म्हणून नौपाड्यात डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या मुलीने छापील मराठी फॉर्म वाचून विचारलं, "आजी, नैराश्य वाटतं का?" आई म्हणाल्या, "छे गं, नातवाचं लग्न बघायचंय, निराश कशाला होऊ!" झालं, शून्यावर टिक. नंतर डॉक्टरांनी सहज विचारलं, घरात पूजा कोण करतं, तर आई गप्पच, मग म्हणाल्या, "दिवाळीपासून देव्हाऱ्याकडे फिरकले नाही, मनच लागत नाही." मग नेमका शब्द कुठला हो?

— नैराश्य म्हणजे निर् + आशा, आजाराचं एकच टोक झालं ते. फॉर्म पीएचक्यू-९ असणार, म्हणजे डिप्रेशन चाचपायची प्रश्नावली, मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. नुसत्या बेरजेवर निदान होत नाही पण. ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात आणि त्यात मन उदास असणं किंवा कशात रस न वाटणं यातलं एक हवंच. सासूबाई रस नसण्यात सापडल्या.

— मग 'उदासीन' बरा की! उद् + आसीन, बाजूला बसलेला. शाळेतलं उदासीन द्रावण आठवा, ना आम्ल ना आम्लारी. पण रडवेला तो उदास, ही गल्लत नको.

— मी घणसोलीत काउन्सेलिंग करते. 'अवसाद', 'विषाद' तुमच्या डिक्शनरीत राहू दे, पेशंट म्हणतात करमत नाही, डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही. 'करमत नाही' फसवा आहे, माहेरून आलेली नवी सूनही तेच म्हणते, म्हणून किती दिवस, रोज की अधूनमधून हे विचारावं लागतं, शिवाय थायरॉईड, बी-१२ तपासून घेतात ते वेगळंच. आणि "देवाने आता उचलावं" असं आजी म्हणाली तर हसण्यावारी न्यायचं नाही, जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही.

— थँक्यू ताई. डॉक्टरांनी कागदावर डिप्रेशनच लिहिलं, आईंना मात्र "मन आजारी पडलंय" म्हणाले, ते पटलं त्यांना. नाहीतर निघताना रिक्षात विचारत होत्या, "मला ठाण्याला भरती करताय का गं?" १९०१ पासूनचं मनोरुग्णालय इथे, त्यामुळे 'ठाणे' म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल हे डोक्यात पक्कं. म्हटलं अहो आई, आपण पन्नास वर्षं ठाण्यातच तर राहतोय!