घरच्या आणि गेमिंगच्या पीसीवर लिनक्स: चालेल की नाही?

कळफलक
विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर. म्हणून सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं भंगारात घालायची? माझ्या मते सरळ लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. ८ जीबी पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल फाइल) चढवा, इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. रॅम ४ जीबीच असेल तर सिनॅमन हा जड डेस्कटॉप नको, हलका एक्सएफसीई घ्या. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउटमध्ये आधीच असतो.

दप्तरी
ब्राउझरपुरता वापर असेल तर मान्य. पण आपल्याकडे रोजचा वापर म्हणजे दुकानात टॅली (हिशेब), छापखान्यात श्रीलिपी (मराठी टाइपिंग), ऑफिसात मॅक्रोवाली (आपोआप काम करणाऱ्या आज्ञांची) एक्सेल शीट. पहिली दोन मुख्यतः विंडोजवर चालणारी. मॅक्रो लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये अर्ध्यात अडकतात. प्रिंटरचंही तेच. कॅननचा एलबीपी २९०० गल्लोगल्ली आहे आणि त्याचा कॅप्ट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर बसवताना घाम फुटतो. ही माणसं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडणार नाहीत.

कळफलक
टॅलीवाल्यांनी विंडोजवरच राहावं, त्यात वाद नाही. पण सगळे प्रिंटर एका माळेत ओवू नका. एचपी १०२० चालू करताना दर वेळी त्यात फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) भरावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा टाकलं की ते आपोआप होतं. प्लगइन नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, पण कागद काही निघत नाही.

नेमबाज
गेमर्सना मात्र हा सल्ला देऊ नका. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड (फसवणूक रोखणारं अँटी-चीट) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात बसतं. ते लिनक्सवर नाही, लिनक्सच्या आत विंडोज चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्येही नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४मध्ये तोही बंद केला. इझी अँटी-चीट लिनक्सवर चालू शकतं, पण चालू करायचं की नाही हे गेमची कंपनी ठरवते. मित्रांबरोबर रोज हेच गेम खेळणाऱ्याला बाकीच्या हजार गेमचा काय उपयोग?

वाफाळ
त्या तीन गेमपुरतं तुमचं बरोबर. पण काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सवर आहेत, आणि एकट्याने खेळायचे बहुतेक गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी, स्टीम या गेम-दुकानाची सोय) चालतात. पूर्वी स्टीमच्या सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन सर्व गेमसाठी स्टीम प्ले चालू करावं लागे, आता ते आधीच चालू असतं.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरचेच गेम लिनक्समधून चालवणं. प्रोटॉन ‘c:’ नावाची लिंक तयार करतो. नावातला कोलन (:) विंडोजला चालत नाही, मग गेम उघडतच नाही किंवा ड्राइव्ह बिघडतो. गेमसाठी वेगळं ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचं) पार्टिशन करा. दोन, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना ड्रायव्हर टाकला की रीबूटला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची सही मान्य करणं) निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. लोक घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात, ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग ‘लिनक्सवर एफपीएसच (दर सेकंदाच्या फ्रेम) मिळत नाही’ अशी ओरड. एएमडी कार्डला ही भानगड नाही. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२चे काही गेम विंडोजपेक्षा हळू चालतात, हे मात्र खरं.

नेमबाज
एमओकेच्या कटकटीला कंटाळून लोक सिक्युअर बूटच बंद करतात, आणि ड्युअल बूटमध्ये (एकाच पीसीवर दोन्ही सिस्टीम) विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडत नाही, कारण व्हॅनगार्डला ते चालू लागतं. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह-कुलूप) असेल तर रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी कागदावर उतरवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि लिनक्स वेगळ्या एसएसडीवर टाका. तेवढी तयारी नसेल तर गेमिंगच्या पीसीला हात लावू नका.