‘जस्ट द वे यू आर’ : जॅझ की जॅझचा अंगरखा?

खर्जवाला :
अमेरिकी गायक बिली जोएलच्या या गाण्याला (१९७७, अल्बम ‘द स्ट्रेंजर’) सर्रास जॅझ म्हटलं जातं. मला मान्य नाही. फिल वूड्सचा ऑल्टो सॅक्सोफोन काढला तर गोड प्रेमगीत उरतं. वूड्स बीबॉपमधला (जॅझची एक वेगवान शैली) केवढा मोठा वादक, पण गाण्यात त्याच्या वाट्याला मोजक्याच जागा. सुट्या रेकॉर्डसाठी (सिंगल) तर ४ मिनिटं ५० सेकंदांचं गाणं मिनिटाहून जास्त कापलं. उपज (ऐनवेळी सुचेल ते वाजवणं) करायला जागाच नाही, तर जॅझ कसलं?

कोमल धैवत :
सॅक्स काढूनच ऐका. डी म्हणजे सा धरा. पहिल्याच ओळीत डी सेव्हन या कॉर्डवरून (एकत्र वाजणारे स्वर) जी मेजर सेव्हन येतो, त्यात शुद्ध धैवत आहे. लगेच जी मायनर, म्हणजे कोमल धैवत. मग परत डी, आणि तो स्वर पंचमावर विसावतो. गाण्याचा सगळा जीव या अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या उतरणीत आहे. गिटारवर सहाही तारा दणकून छेडल्या की नेमकी ती गाडली जाते. उंच स्वरांच्या, बारीक चारच तारा वाजवा. कीबोर्डवर हा स्वर उजव्या हातात सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे उतरण उघड ऐकू येईल.

खर्जवाला :
ही उतरण ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कची संगीत नाटकं) जुन्या गाण्यांत ढिगानं सापडते. ती जॅझची मक्तेदारी नाही.

कोमल धैवत :
आणि जॅझवाल्यांनी वर्षानुवर्षं वाजवली ती गाणी कुठली? बरीचशी तीच! गायक फ्रँक सिनात्राच्या १९८० च्या अल्बममध्ये हे गाणं उगाच नाही आलं.

ठेकाधरी :
तालाचं कुणी बोलतच नाही. चाल लॅटिन वळणाची आहे. ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) हाणायला लागला की गाणं लग्नाच्या बँडसारखं होतं. काठी आडवी धरून स्नेअरच्या रिमवर (कडेवर) वाजवा, बेस ड्रम हलका ठेवा. लय वाढवण्याचा मोह तर हमखास होतो. तो आवरा, नाहीतर शब्द गिळले जातात.

टेपकरी :
गाण्यामागचा तो अनेक आवाजांच्या ‘आ’चा ढग विसरू नका. कल्पना १०सीसी या ब्रिटिश बँडच्या ‘आय एम नॉट इन लव्ह’वरून (१९७५) आली; जोएलच्या गाण्याचा निर्माता फिल रमोन. घरी करायचं तर एकेक स्वर चार-पाच वेळा गाऊन थर रचा आणि त्याचा लूप (परत परत वाजणारा तुकडा) करा. सगळे लूप एकाच लांबीचे ठेवले तर सांधे एकदम येतात आणि आवाज धडधडतो. म्हणून लांबी वेगवेगळी ठेवा, सांध्यावर क्रॉसफेड द्या (एक आवाज विरताना दुसरा चढवा). आवाज इतका खाली ठेवा की बंद केल्यावरच उणीव जाणवावी. यात जॅझ शून्य आहे, हे मात्र खर्जवाल्यांचं बरोबर.

खर्जवाला :
हेच तर म्हणतोय. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसरा क्रमांक, १९७९ च्या ग्रॅमीत वर्षातलं गाणं आणि वर्षातलं रेकॉर्ड, हे यश पॉपचं. ब्रिटनमध्ये तर बॅरी व्हाइटची सोल आवृत्ती १२व्या स्थानापर्यंत गेली, जोएलची १९व्या.

कोमल धैवत :
वूड्सच्या सॅक्सशिवायही गाणं उभं राहतं, हेच त्यातून दिसतं. तुमचा पहिला मुद्दा तिथेच पडला. बाकी सॅक्सवाल्यांनो, मूळ पट्टी डी असेल तर ऑल्टोच्या नोटेशनमध्ये बी मेजर येतो, पाच शार्प (चढे स्वर). पट्टी बदलून मागू नका. गायकाचा आवाज त्या पट्टीत बसलेला असतो, बोटांचा रियाज तुम्ही करायचा.