मध्यम कारखान्याला जागतिक विमा ब्रोकर हवाच कशाला?

फोर्टकर
मार्श, एऑन, गॅलाघर, डब्ल्यूटीडब्ल्यू या जागतिक विमा ब्रोकरांची माहितीपत्रकं वाचून साकीनाका-भिवंडीचे कारखानदार भारावतात आणि मँडेट लेटर (ब्रोकरला आपल्या वतीने काम करायचा अधिकार देणारं पत्र) देऊन मोकळे होतात. शंभराहून जास्त देशांतलं कामकाज, कॅप्टिव्ह कंपन्या (स्वतःचाच विमा उतरवायला काढलेल्या), रीइन्शुरन्स (विमा कंपनीचा विमा)... एका जागी १५-२० कोटींची मालमत्ता असणाऱ्याला यातलं काय लागतं? त्याला लागते भारत लघु उद्यम सुरक्षा, म्हणजे ५ ते ५० कोटींच्या मालमत्तेची आगीची पॉलिसी. तिचा मसुदा २०२१ पासून सगळ्या कंपन्यांचा सारखाच. मग ब्रोकर घासाघीस कशाची करणार?

सर्व्हे रिपोर्ट
मसुदा सारखा, पण विमा रकमेचे आकडे कोण भरतं? गोची तिथेच होते. अकाउंटंट ताळेबंदातली घसारा वजा केलेली किंमत देतो, एजंट तीच टाकतो. यंत्रं आज नवी घ्यायला २० कोटी लागतात आणि विमा १५ कोटींचा आहे, असं धरा. आगीत नुकसान ४ कोटींचं. कमतरता १५ टक्क्यांच्या आत असती तर माफ होती. इथे ती २५ टक्के आहे, म्हणून ॲव्हरेज लागतं, म्हणजे विमा जेवढा कमी त्या प्रमाणात दावा कापतात: ४ गुणिले १५/२०, म्हणजे ३ कोटी. त्यातून एक्सेस (दाव्यातला आपण सोसायचा भाग) वजा. एक कोटी गेले ते कंपनीने बुडवले नाहीत, फॉर्म भरणाऱ्याने बुडवले.

मालाचंही तेच. भिवंडीत दुसरा गाळा भाड्याने घेतला आणि पत्ता पॉलिसीत चढवून (एन्डॉर्स करून) घेतला नाही, तर तिथल्या मालाला विमाच नाही. माल इकडून तिकडे फिरत असेल तर फ्लोटर (अनेक जागांच्या मालाला मिळून एकच विमा) घ्यायचा आणि सगळे पत्ते त्यात लिहायचे.

फोर्टकर
हे सगळं फोर्टातला चार माणसांचा ब्रोकरही करतो, आणि रात्री शॉर्टसर्किट झालं तर फोन मालक स्वतः उचलतो.

सर्व्हे रिपोर्ट
मोठ्यांकडे रिस्क इंजिनिअर असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. मिठी नदीच्या काठच्या गाळ्यात विजेचं पॅनेल किती उंचीवर आहे, माल पॅलेटवर आहे की थेट लादीवर, हे पाहणारा माणूस हवाच.

फोर्टकर
येतो कुठे तो? एवढ्याशा प्रीमियमवर चेकलिस्टची पीडीएफ येते.

क्लॉज ६४
दोघांनी पैशांचा विषय सोडलात. कायद्याने एजंट कंपनीचा, ब्रोकर ग्राहकाचा; पण कमिशन दोघांना विमा कंपनीच देते. २००४ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मार्शवर खटला भरला होता, तो याच दुखण्यावर: धंदा वळवण्याबद्दल मिळणारं जादा कमिशन आणि लुटुपुटीचे कोट (दरपत्रकं). २००५ मध्ये ८५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे २०२३ पासून विमा नियामक इर्डाने कमिशनवरच्या वेगवेगळ्या मर्यादा काढून टाकल्या, फक्त कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा राहिली. म्हणजे कंपनीगणिक दर बदलू शकतो. छोटा असो की मोठा, प्रत्येक कोटवरचं कमिशन लेखी मागा.

सर्व्हे रिपोर्ट
मान्य. पण अमेरिकेला माल जात असेल तर फोर्टकरांचं गणित चुकतं. प्रॉडक्ट लायबिलिटीत (आपल्या मालामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाईचा विमा) कोर्टाचं अधिकारक्षेत्र 'फक्त भारत' आहे की अमेरिका-कॅनडासह, यावर सगळं ठरतं. शिवाय ही पॉलिसी बहुधा क्लेम्स-मेड असते, म्हणजे दावा येतो त्या वेळची पॉलिसी लागू होते. कंपनी बदलताना रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्या आधीचं काही पॉलिसी धरत नाही) पुढे सरकली, की त्याआधीच्या मालाचा दावा दोन्हीकडून लटकतो. हे रोज हाताळणारी माणसं मोठ्यांकडे असतात.

फोर्टकर
निर्यातदारापुरतं मान्य, आगीच्या पॉलिसीला नाही. ही मंडळी वाढतात ती विकत घेऊन घेऊन. गॅलाघर १९२७ साली शिकागोत सुरू झाली, आजही एकामागून एक ब्रोकर खरेदी करते. एऑन आणि विलिस यांचं लग्न मार्च २०२० ला ठरलं, जुलै २०२१ ला मोडलं. अशा उलथापालथीत लहान ग्राहकाचं खातं कोणाच्या टेबलावर जातं, विचारा.

क्लॉज ६४
मग मँडेट लेटरच नीट लिहा. 'सर्व पॉलिसी' असं मोघम नको. पॉलिसीचं नाव, मुदत आणि दाव्यात मदत करायची जबाबदारी लिहा. एकाच ब्रोकरला एक्स्क्लुझिव्ह दिलंत की बाकीच्यांना कंपन्या सहसा कोट देत नाहीत, त्यामुळे तुलना तिथेच संपते. आग एकाकडे, लायबिलिटी दुसऱ्याकडे, असं करता येतं. नूतनीकरण १ एप्रिलला असेल तर फेब्रुवारीच्या मध्यात कोट मागवा. चेक विमा कंपनीच्या नावानेच काढा, आणि तो ३१ मार्चच्या आत पोचवा. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीप्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही.

फोर्टकर
आग माझ्या चार माणसांकडे, एवढं कबूल केलंत तर लायबिलिटी खुशाल त्यांना द्या.