केळीचे पैसे थकले, आणि कंपनीचा खरा मालक कागदावर सापडतच नाहीये

तापीकाठ, रावेर
नवती केळीच्या दोन गाड्या दिल्या, काट्याच्या पावत्या आहेत, पैसे तीन महिने झाले नाही. पावतीवर कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं नाव. वडील रोज विचारतात, "मालक कोन शे?" पोराने कंपनी खात्याच्या साइटवर बघितलं तर डायरेक्टर दोघं, एक आमच्याकडे गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर आणि दुसरा त्यांचा मुनीम! मग 100 रुपये भरून वार्षिक रिटर्न काढलं, तर शेअर सगळे भलत्याच एका कंपनीकडे. बांधावर उभा राहून भाव पाडणारा शेठ कुठेच नाही. ज्याचा माल उधारीवर जातो त्याला खरा मालक बघता आलाच पाहिजे, असं माझं मत.

जिनिंगवाला
भाऊ, माल शेठच्या तोंडाकडे बघून दिला ना, मग आता कागदाला काय दोष देता. आम्ही चार भाऊ, कोणाचा हिस्सा किती हे उघड झालं की सोयरीक जुळवायला येणारा पण आधी तोच आकडा बघेल. युरोपात 2022 मध्ये त्यांच्या कोर्टाने खऱ्या मालकांची अशी सगळ्यांना खुली यादी खाजगीपणाच्या मुद्द्यावर बंद केली, ते काय वेडे होते का.

हिशोबनीस, जळगाव
यादी आपल्याकडे पण आहे. कंपनी कायदा 2013, कलम 90 आणि 2018 चे नियम. मधे दुसरी कंपनी घालून कोणाकडे 10 टक्के किंवा जास्त हिस्सा येत असेल, किंवा खरा कंट्रोल त्याच्याकडे असेल, तर त्याने बेन-1 फॉर्म भरून कंपनीला सांगायचं, कंपनीने 30 दिवसांत कंपनी खात्याकडे बेन-2 भरायचा. शेअर ज्या मधल्या कंपनीकडे, तिच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा ज्याचा, तोच खरा मालक धरायचा. गंमत पुढे आहे, कंपनीकडचं खऱ्या मालकांचं ते रजिस्टर बघायचा हक्क कायद्याने फक्त तिच्या सभासदांना दिलाय.

तापीकाठ, रावेर
म्हणजे चोराच्या घराची झडती घरच्यांनीच घ्यायची!

चोपड्याची ताई
यादी उघडून पण काय मिळेल सांगू? आमच्या फर्ममध्ये मी 40 टक्के पार्टनर. बँकेने केवायसीत खरी मालकीण म्हणून माझा आधार घेतला, भागीदारीत 10 टक्क्यांच्या वर हिस्सा असला की खरा मालक धरतात ना, म्हणून. चेकबुक मी आजवर हातात धरलेलं नाही, मीटिंगला चहा मात्र मीच नेते.

जिनिंगवाला
ताई, बायकोच्या नावावर असणं बेनामी होत नाही, कायद्यातच सूट आहे.

हिशोबनीस, जळगाव
अर्धंच सांगितलं दादा. सूट आहे ती मालमत्तेला, आणि पैसा कुठून आला ते दाखवता आलं तर. ड्रायव्हर काय बायको नाही. बेनामीत 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आहे, पण ते सिद्ध होईपर्यंत तुमची पुढची बाग पण कापून होईल. तापीकाठ, चेक घेतला होता का? परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्या, चेक बाउन्सचं कलम 138 (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा).

तापीकाठ, रावेर
चेक आहे, मागच्या आठवड्यात परत आला. सही ड्रायव्हरची. काल तोच घरी आला होता, म्हणतो दादा माझ्यावर केस नका टाकू, माझाच दोन महिन्यांचा पगार बाकी आहे.