तिरप्या फ्रेटची बेस गिटार: अमळनेरसारख्या ठिकाणी घेऊन निभेल का?

खर्जवेडा (अमळनेर) यांचा प्रश्न

मी गेली अकरा वर्षे लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो आणि उरलेल्या महिन्यांत अहिराणी गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी जळगाव-धुळ्याला जाऊन येतो. माझ्याकडची गिटार पाच तारांची, 34 इंच स्केलची (म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब) आणि सरळ फ्रेटची (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आहे. तिच्या चार तारांविषयी माझी काहीही तक्रार नाही, पण पाचवी, म्हणजे खर्जातली ‘बी’ची तार मला पहिल्या दिवसापासून छळत आली आहे. ती बोटाखाली मऊ पडते, जरा जोराने छेडली की आधी सूर चढतो आणि मग घसरत घसरत जागेवर येतो, आणि ध्वनिमुद्रणात तर ती सूर कमी आणि घरघर जास्त ऐकू येते.

आता भुसावळला एक जुनी तिरप्या फ्रेटची गिटार विक्रीला आली आहे. तिची ‘बी’ची तार 37 इंचांची आणि ‘जी’ची 34 इंचांची आहे, त्यामुळे फ्रेट पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले दिसतात. मी तिचे छायाचित्र घरी दाखवले, तेव्हा आईने “हाई इतलं वाकडं काबर शे?” (हे इतके वाकडे का आहे?) असे विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही. विकणाऱ्याचे म्हणणे असे की या रचनेमुळे सूर अधिक अचूक लागतो. मागे एकदा ऑनलाइन विक्रेत्याच्या अशाच बोलण्यावर विसंबून मी हात पोळून घेतले आहेत, म्हणून या वेळी आधी विचारतो. हाताची सवय मोडेल का, तारा कुठून आणायच्या, आणि फ्रेट झिजले तर आपल्याकडे ते काम कोण करील? ज्यांनी असे वाद्य प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया लिहावे.

तापीकाठ (चोपडा)

भाऊ, मी तीन वर्षांपासून याच मापाची गिटार वाजवतो आहे, म्हणून हाताविषयी तेवढे खात्रीने सांगू शकतो. पहिल्या दिवशी मी दांडीकडे बघत वाजवायला बसलो आणि सारखा चुकत राहिलो. दुसऱ्या दिवशी सरावाच्या मध्येच वीज गेली, अंधारात तेच गाणे पुन्हा वाजवले, आणि चुका निम्म्यावर आल्या. आपला पंजा मोकळा ठेवला की बोटे मुळातच पंख्यासारखी उघडतात, त्यामुळे फ्रेटचा तिरपेपणा हाताला नाही, डोळ्याला खटकतो. दांडीच्या मध्यावर एक फ्रेट तारांना बरोबर काटकोनात असतो. त्याच्या अलीकडचे फ्रेट एका बाजूला कलतात आणि पलीकडचे दुसऱ्या बाजूला, आणि मनगटही नेमके तसेच वळते.

खरी अडचण लांबीची आहे आणि ती टेपने मोजून पाहण्यासारखी आहे. नटापासून (दांडीच्या डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पहिल्या फ्रेटपर्यंतचे अंतर 34 इंचांच्या तारेवर 48.5 मिलिमीटर असते, तर 37 इंचांच्या तारेवर ते 52.7 मिलिमीटर होते. हा फरक किरकोळ वाटतो. पण पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत हात ताणायचा झाला, तर 130 मिलिमीटरच्या जागी सुमारे 141 मिलिमीटर अंतर गाठावे लागते, आणि सलग दोन तास हळदीचा कार्यक्रम वाजवणाऱ्याच्या करंगळीला हे अकरा मिलिमीटर चांगलेच जाणवतात. मी तिथे एका बोटाला एक फ्रेट हा हट्ट सोडला आणि उभा डबल बेस वाजवणाऱ्यांप्रमाणे पहिले बोट, मधले बोट आणि करंगळी यांत तीनच फ्रेट धरून हात सरकवायला लागलो. तेव्हापासून मनगट दुखत नाही.

आणखी एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. लांबी फक्त ‘बी’चीच वाढत नाही. तारांमधला फरक समान धरला, तर ‘ई’ 36.25, ‘ए’ 35.5 आणि ‘डी’ 34.75 इंचांची होते, म्हणजे तुमची ओळखीची ‘ई’सुद्धा सव्वादोन इंचांनी लांब होते. तिचा आवाज मला आवडतो, पण पहिला आठवडा ती परकी वाटली होती. उभे राहून वाजवताना पट्टा दोन घरे आखूड करावा लागतो, नाहीतर पहिल्या फ्रेटपर्यंत पोहोचताना डावा खांदा ओढला जातो.

माइकवाला (भुसावळ)

विकणाऱ्याचे ‘सूर अधिक अचूक’ हे विधान चूक आहे, ते आधी बाजूला ठेवू. तिरप्या फ्रेटमध्ये प्रत्येक तारेची लांबी वेगळी असते, पण त्या त्या लांबीत बारा सुरांची वाटणी नेहमीच्याच समान प्रमाणाने केलेली असते. स्वरांतरे तीच राहतात आणि ब्रिजवरची (तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावरची) सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेची टेकणी, मागेपुढे करून ती तार सुरात आणण्याचे कामही टळत नाही. सुराच्या अचूकपणासाठी असते ती नागमोडी फ्रेटची गिटार, तो वेगळा प्रकार आहे. लोक दोघांची गल्लत करतात.

लाभ आहे तो ताणाचा. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 34 ऐवजी 37 इंचांवर तो सुमारे 18 टक्के वाढतो. आपण लिहिलेला ‘आधी चढून मग उतरणारा सूर’ हा ढिल्या तारेचाच दोष आहे, आणि तो इथे बराच कमी होतो. मग 34 इंचांवरच जाड तार का लावू नये, असे कोणीही विचारील. ती लावता येते. 130 ऐवजी 135ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) लावली तर ताण सात-आठ टक्के वाढतो, पण जाडीबरोबर तारेचा ताठरपणाही वाढतो, आणि ताठर तारेचे वरचे स्वयंभू स्वर (मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे वरचे सूर) आपल्या जागेपासून चढत जातात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येतो तो ते स्वयंभू स्वर जागच्या जागी असतात म्हणून. बेसच्या ‘बी’मधून ते विस्कटले की आपण ज्याला घरघर म्हणता ती ऐकू येते.

आता दुसरी बाजू. मोकळ्या ‘बी’चा मूळ सूर 30.87 हर्ट्झचा आहे, आणि लग्नाच्या मांडवात ज्या स्पीकरच्या पेट्या असतात त्यांतल्या बहुतेक 40 हर्ट्झच्या खाली गेल्या की थकतात. श्रोत्याला प्रत्यक्षात ऐकू येतो तो त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे 61.7 आणि 92.6 हर्ट्झचा भाग, आणि त्यावरून त्याचा कान खालचा सूर जुळवून घेतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी हे वाद्य घेत असाल तर पैसे वाया जाणार नाहीत, परंतु केवळ मांडवासाठी घेत असाल तर माझ्या मते आधी सध्याच्या गिटारीचा सेटअप (तारा, दांडी, पिकअप यांची जुळणी) एकदा नीट करून घ्यावा, कारण निम्म्या तक्रारी पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबक) तारेच्या अति जवळ आल्यामुळे असतात.

दांडीमिस्त्री (धुळे)

मी हार्मोनियम आणि गिटार दुरुस्तीचे काम करतो. तिरप्या फ्रेटचे वाद्य माझ्याकडे आजवर चारदाच आले आहे, म्हणून तेवढ्याच अनुभवावर लिहितो.

फ्रेट झिजले तर घाबरण्याचे कारण नाही. खाचा आधीच कापलेल्या असतात. फ्रेटची तार लांबीप्रमाणे कापून त्यांत बसवायची एवढेच. फक्त टोकाचे फ्रेट तिरपे असल्याने लांब लागतात, आणि समपातळी करताना पट्टी फ्रेटला काटकोनात न फिरवता तारेच्या रेषेत फिरवावी लागते; घाईत ते विसरले तर कडेचे फ्रेट जास्त घासले जातात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने चुकले तर सरकवता येतात, येथे ती सोय नाही. नट मात्र तयार मिळत नाही, हाड घासून हाताने करावा लागतो. पिकअपही तिरप्या घरात बसवलेले असतात, तेव्हा पुढे ते बदलायची हौस असेल तर ती आजच सोडून द्यावी.

ऊन हा आपल्याकडचा मोठा शत्रू आहे. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला की लाकूड सुकून आकसते आणि फ्रेटची टोके बोटांना खुपू लागतात. श्रावणात तेच लाकूड फुगते. वर्षातून निदान दोनदा दांडीचा बाक तपासावा लागतो. मी तो गॅरेजवाल्याच्या फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला असता मधल्या भागात साधारण 0.3 मिलिमीटर फट असावी. गिटार बंद टेम्पोत उन्हात ठेवू नये, हे अनुभवी माणसाला सांगावे लागू नये, पण दरवर्षी कोणीतरी ठेवतोच.

तारांविषयी मात्र सावध राहा. नेहमीच्या संचातली ‘बी’ 37 इंचांना पुरेलच असे नाही. ब्रिजमध्ये अडकणाऱ्या तारेच्या टोकाच्या गोळीपासून नटापर्यंतचे अंतर मोजून घ्या आणि तारेची पूर्ण जाडी नटाच्या पलीकडे दोन इंच तरी राहते का ते पाहून मगच मागवा. टोकाचे रंगीत रेशीम नटाच्या अलीकडे येत असेल तर ती तार त्या वाद्याची नाही.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर: हे वाकडेपण जुने आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्फेरियन नावाचे तंतुवाद्य होते, त्याचेही फ्रेट तिरपे असत. आजच्या रूपाचे पेटंट अमेरिकेतले कारागीर राल्फ नोवाक यांना 1989 मध्ये मिळाले; कॅनडातल्या डिंगवॉल कंपनीने बेसमध्ये ते रुजवले, आणि पेटंटची मुदत संपल्यावर इतरही ‘मल्टिस्केल’ या नावाने बनवू लागले.

यावलकर

एक मधला मार्ग सुचवतो. आयबानेझच्या ईएचबी 1005 एमएस या पाच तारांच्या गिटारीचे स्केल 35 ते 33 इंचांचे आहे. तिला डोके नसल्याने ती आखूड आहे आणि तारा साध्याच लागतात. ताणातली वाढ जेमतेम 6 टक्के, हे कबूल. पण करंगळी तुमची आहे.

खर्जवेडा (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. काल भुसावळला जाऊन आलो. दांडीमिस्त्री, रंगीत रेशमाविषयीचे आपले वाक्य नसते तर मी रिकाम्या हाताने परतलो असतो, कारण ‘बी’ची तार माझ्या जुन्या गिटारीहूनही वाईट वाजत होती. वाकून पाहिले तेव्हा नटाच्या अलीकडे, थेट पहिल्या फ्रेटच्या दिशेने, लाल रेशीम बोटभर आलेले दिसले. आधीच्या मालकाने साधी तार लावली होती आणि बहुधा त्या आवाजाला कंटाळूनच वाद्य विकायला काढले होते. दुसऱ्या फ्रेटपासून पुढे तीच तार घंटेसारखी बोलत होती, यावरून मी काय ते ओळखले आणि सौदा ठरवला. विकणाऱ्याला कारण सांगितले नाही. सांगायला हवे होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यावलकर, 35 इंचांची सूचना पटली होती, पण ध्वनिमुद्रण हेच माझे मुख्य कारण असल्याने लांबच घेतली. तापीकाठ यांचे ऐकून काल रात्री दिवा मालवून वाजवली. पहिल्या तीन फ्रेटवर अजून चुकतो, पाचव्याच्या पुढे हात आपोआप जातो. या लग्नसराईत मांडवात जुनीच गिटार नेईन. योग्य लांबीच्या तारांचे दोन संच मागवले आहेत. ते आले की दांडी दाखवायला धुळ्याला येतो. दांडीमिस्त्री, सकाळी यावे की उन्हे उतरल्यावर, तेवढे कळवावे.